रॅथलिनचे पुरुष, डॉर्सेटच्या लेकी

उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यासमोर रॅथलिन नावाचं एक लहानसं बेट आहे. २००६ साली तिथल्या एका पबच्या मागे गाडीसाठी वाट काढायला जमीन साफ करत असताना माणसांची हाडं सापडली. तपासणीत ती सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची, कांस्ययुगाच्या सुरुवातीची निघाली. पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या आणि बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी त्यांतल्या तीन पुरुषांचे जनुकसंच वाचले. सोबत बेलफास्टजवळच्या बॅलिनाहॅटी इथल्या, त्यांच्याहून हजारेक वर्षं जुन्या एका शेतकरी स्त्रीचाही.

दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर निघालं. त्या स्त्रीचे बहुतेक पूर्वज पश्चिम आशियातून शेती घेऊन युरोपभर पसरलेल्या लोकांपैकी होते. तिचे केस काळे, डोळे तपकिरी. आजच्या लोकांत तिच्याशी जुळतात ते दक्षिण युरोपातले. रॅथलिनच्या पुरुषांत मात्र सुमारे एक तृतीयांश वारसा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून आलेला होता. आज त्यांचं सर्वांत जवळचं नातं लागतं ते आयरिश, स्कॉटिश आणि वेल्श लोकांशी. म्हणजे ज्यांना सगळं जग केल्टिक म्हणतं, नेमके त्यांच्याशी.

आता पेच असा, की केल्ट हे नाव ग्रीकांच्या लिखाणात दिसू लागतं ते ख्रिस्तपूर्व सहाव्या-पाचव्या शतकात. रॅथलिनच्या पुरुषांना जाऊन तोवर हजारावर वर्षं लोटली होती. शिवाय ग्रीक आणि रोमन लेखकांनी हे नाव वापरलं ते युरोपच्या मुख्य भूमीवरच्या लोकांसाठी. ब्रिटन आणि आयर्लंडच्या रहिवाशांना त्या काळी कोणी केल्ट म्हटल्याचा पुरावा नाही. वेल्श अभ्यासक एडवर्ड लुइड यांनी १७०७ मध्ये आयरिश, वेल्श, ब्रेटन, कॉर्निश या भाषांचं एकमेकींशी आणि प्राचीन गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) भाषेशी असलेलं नातं मांडलं, आणि त्यानंतर हे नाव त्या भाषा बोलणाऱ्यांना चिकटलं. केल्टिक हे मुळात भाषाकुलाचं नाव आहे. ते रक्तात शोधायला गेलं की गोंधळ होणारच.

तरी लोक शोधतात, आणि का शोधतात ते मला पूर्ण समजतं. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली. त्या लोकांची पणतवंडं-खापरपणतवंडं आज अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात आहेत. आपलं मूळ गाव कुठलं, एवढंच त्यांना हवं असतं. ती जनुकचाचणी करणाऱ्या कंपनीला लाळेची नळी भरून पाठवतात आणि महिन्या-दीड महिन्यात उत्तर येतं: आयर्लंड ४१ टक्के, स्कॉटलंड १८ टक्के.

हे आकडे येतात कुठून? कंपनीकडे आज हयात असलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या एकाच भागात राहिलेल्या लोकांचे नमुने असतात. तुमच्या गुणसूत्रांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा कोणत्या गटाशी जास्त जुळतो ते संगणक पाहतो आणि बेरीज मांडतो. गट बदलले, नवे नमुने आले, की तुमचे टक्केही बदलतात. तुमचे पूर्वज मात्र तेच राहतात. सख्ख्या भावंडांचे आकडेसुद्धा सारखे येत नाहीत, कारण आई-वडिलांकडून प्रत्येकाला निम्मा वारसा मिळतो खरा, पण निम्मा कुठला ते प्रत्येक वेळी नव्याने ठरतं. दहा पिढ्या मागे गेलं तर कागदावर १,०२४ पूर्वज होतात, आणि त्यांतल्या अनेकांचा एकही तुकडा तुमच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. ते तुमचे पूर्वज आहेतच, पण लाळेत सापडणार नाहीत.

मग जनुकांतून केल्टांचं काहीच कळत नाही का? कळतं, आणि टक्क्यांपेक्षा कितीतरी बारीक कळतं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या २,०३९ ग्रामीण लोकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अट अशी होती, की चारही आजी-आजोबा एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले हवेत. त्यामुळे रेल्वे आणि गिरण्यांमागे झालेली अलीकडची सरमिसळ गाळली गेली आणि साधारण १८८५ च्या सुमाराचा नकाशा हाती आला. त्यात १७ गट पडले. कॉर्नवॉल आणि डेव्हन हे शेजारी जिल्हे, तरी त्यांचे गट वेगळे, आणि दोघांमधली रेघ जवळपास जिल्ह्याच्या हद्दीवरूनच जाते. उत्तर वेल्स वेगळा, दक्षिण वेल्स वेगळा. सगळ्या केल्टिक प्रदेशांना एकत्र बांधणारा असा एकही गट मात्र निघाला नाही. कॉर्नवॉलचे लोक वेल्स किंवा स्कॉटलंडपेक्षा इंग्लंडच्या इतर लोकांना जास्त जवळचे निघाले. केल्टिक वंश एक आहे असं मानणाऱ्यांना हे पचवणं जड गेलं असेल. मला तर दर दोन खोऱ्यांमागे नवी वंशकथा निघावी यात जास्त श्रीमंती दिसते.

आयर्लंडमध्येही २०१७ मध्ये असंच काम झालं. तिथली अट आणखी कडक: आठही पणजी-पणजोबा ५० किलोमीटरच्या आतले. तिथे दहा गट मिळाले आणि मन्स्टर, कॉनक्ट या जुन्या प्रांतांच्या सीमांशी त्यांतले काही बरेच जुळले.

भाषा केव्हा आणि कोणाबरोबर आली याचाही एक धागा २०२१ च्या अखेरीस सापडला. जवळजवळ ८०० प्राचीन सांगाडे वाचल्यावर दिसलं, की ख्रिस्तपूर्व १००० च्या आसपास फ्रान्सच्या बाजूने लोकांचा मोठा ओघ दक्षिण ब्रिटनमध्ये आला आणि लोहयुगापर्यंत इंग्लंड-वेल्समधला निम्मा वारसा त्यांचा झाला. त्यांनीच केल्टिक बोली आणल्या असाव्यात, असं संशोधक सुचवतात. हाडं भाषा सांगत नाहीत, म्हणून ‘असाव्यात’ हा शब्द इथून काढून चालणार नाही.

रॅथलिनच्या एका पुरुषाकडे आणखी एक गोष्ट होती, आणि ती आजच्या आयरिश घरांत रोजच्या काळजीची आहे. एचएफई नावाच्या जनुकातला सी२८२वाय हा बदल. आई आणि वडील दोघांकडूनही तो आला तर शरीर अन्नातलं लोह गरजेपेक्षा जास्त शोषत राहतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, त्यामुळे ते यकृत, स्वादुपिंड, हृदय, सांधे यांत साठत जातं. थकवा येतो, बोटांचे सांधे दुखतात, पुढे मधुमेह होतो, यकृत खराब होतं. या विकाराला हिमोक्रोमॅटोसिस म्हणतात. आयर्लंडमध्ये पाचांपैकी साधारण एकजण या बदलाची एक प्रत बाळगून असतो आणि ८३ पैकी एकाकडे दोन्ही प्रती असतात. जगात कुठेही हे प्रमाण इतकं नाही. दोन प्रती असलेला प्रत्येक जण आजारी पडतो असं नाही, आणि मासिक पाळीत लोह जात असल्याने बायकांना त्रास झालाच तर उशिरा होतो.

उपचार इतका साधा आहे, की वेळेत निदान न होणं मला असह्य वाटतं. रक्तदानात काढतात तसं अर्धा लिटरच्या आसपास रक्त काढायचं. दर वेळी साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. सुरुवातीला आठवड्याला एकदा, पातळी खाली आली की वर्षातून मोजक्या वेळा. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन रक्तचाचण्यांत संशय येतो, जनुकचाचणीत खात्री होते. एका भावाला निदान झालं तर बाकीच्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं, कारण त्या प्रत्येकाकडे दोन प्रती असण्याची शक्यता निदान चारांत एक असते. भारतीयांत हा बदल जवळपास सापडत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरात आयरिश जावई किंवा सून असेल, तर नातवंडांकडे बहुधा फार तर एकच प्रत येईल आणि एका प्रतीने सहसा आजार होत नाही. मात्र त्या जावयाने किंवा सुनेने स्वतःची तपासणी जरूर करावी.

आयरिश वंशावळींचा सगळा जुना भर बापाच्या ओळीवर. ओ आणि मॅक लागणारी आडनावं हजारेक वर्षं जुनी, आणि राजघराण्यांचे पूर्वज तोंडपाठ ठेवणारे पिढीजात जाणकार असत. वेल्सबद्दल बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने लिहून ठेवलंय, की तिथली साधी माणसंही सहा-सात पिढ्यांची नावं घडाघडा सांगतात. २००६ मध्ये बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राच्या अभ्यासात वायव्य आयर्लंडच्या सुमारे पाचांतल्या एका पुरुषात एकच खूण सापडली आणि ती पाचव्या शतकाच्या आसपासचा राजा नायल याच्या घराण्याशी जोडली गेली. नंतरच्या सूक्ष्म वाचनातून ही खूण नायलच्याही आधीची असावी असं दिसू लागलं. ‘राजाचे वंशज’ हे शीर्षक मात्र अजून फिरतंय.

आणि आता खरी नवलाची गोष्ट. दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये ड्युरोट्रिजीस नावाची जमात होती. लोहयुगातल्या ब्रिटनमध्ये रीतसर दफनभूमी क्वचितच मिळते, पण या लोकांनी आपली माणसं नीट पुरली, म्हणून हाडं मिळाली. विंटरबोर्न किंग्स्टन या गावाजवळच्या, रोमनांच्या आगमनाच्या आगेमागेच्या काळातल्या पन्नासहून अधिक जणांचे जनुकसंच वाचले गेले आणि २०२५ च्या जानेवारीत निष्कर्ष आले. दोन तृतीयांशांहून जास्त माणसं एकाच स्त्रीच्या वंशातली होती. आईकडून येणारी मायटोकाँड्रियाची खूण तीच ती, आणि बापाकडून येणाऱ्या वाय गुणसूत्राच्या खुणा मात्र नाना तऱ्हांच्या. अर्थ सरळ आहे: लेकी गावातच राहत होत्या आणि पुरुष बाहेरून येत होते. सगळं गाव घरजावयांचं! या जमातीत मौल्यवान वस्तू जास्त करून स्त्रियांच्याच कबरीत मिळतात. ब्रिटनमधल्या इतर लोहयुगीन दफनांचे जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तिथेही अनेक ठिकाणी हाच नमुना निघाला.

मुख्य भूमीवरच्या सुरुवातीच्या केल्टांतही, दक्षिण जर्मनीत, याला जुळणारी गोष्ट आहे. होखडॉर्फच्या टेकाडाखाली ख्रिस्तपूर्व ५३० च्या सुमारास एका सरदाराला ब्राँझच्या बाकावर निजवलं होतं, जोड्यांवर सोन्याचे पत्रे, पायथ्याशी मधाच्या मद्याची प्रचंड कढई. तिथून दहा किलोमीटरवर आस्पेर्गला तसंच दुसरं टेकाड. २०२४ मध्ये कळलं, की हे दोघे बहुधा मामा-भाचे. सत्ता बापाकडून मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे गेली असणार. कार्टिमांड्युआ आणि बूडिका या ब्रिटनमधल्या राण्यांची रोमन लेखकांनी केलेली वर्णनं अतिरंजित म्हणून बाजूला ठेवली जात. आता ती पुन्हा नीट वाचायला हवीत.

ज्यांना आपलं आयरिश किंवा स्कॉटिश घर शोधायचं आहे, त्यांनीही आईची ओळ धरून पाहावी. आयर्लंडमध्ये कागद कमी उरलेत. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे बहुतेक कागद त्यात जळाले. त्यानंतरच्या चार सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. पण कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वह्या गावोगावच्या चर्चमध्ये होत्या म्हणून वाचल्या, आणि त्यांत बहुतेकदा आईचं माहेरचं आडनाव असतं. १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. घराच्या अर्जावर भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर गवताचं की पाटीच्या दगडाचं, समोर खिडक्या किती, हे सगळं लिहिलेलं असतं. १९११ च्या अर्जात विवाहित स्त्रीसाठी तीन वेगळे रकाने आहेत: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यांतली आज किती हयात आहेत. नुसते शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी वाचले तरी त्या घराचं कितीतरी कळतं. स्कॉटलंडचं काम आणखी सोपं: १८५५ पासून तिथल्या मृत्यूच्या नोंदीतही आई-वडील दोघांची नावं विचारली जात, आणि आईचं माहेरचं नावसुद्धा. एका म्हाताऱ्या बाईच्या मृत्यूची नोंद मिळाली, तर तिच्या आईचं माहेर हाती लागतं आणि शोध थेट अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जाऊन पोहोचतो.