खुलासा : ‘ययाति’ महाभारतातून उतरवलेली नाही

वि. स. खांडेकर आपल्या सांगलीचे, जन्म १८९८चा. त्यामुळे इथे कट्ट्यावर त्यांचा विषय निघतोच आणि कुणीतरी ठासून सांगतं, “१९५९ची ती ‘ययाति’ कादंबरी म्हणजे महाभारतातली गोष्ट, जशीच्या तशी.” नाही हो! महाभारतात ययाति राजा आपल्या मुलाचं, पुरूचं तारुण्य हजार वर्षं भोगतो. कादंबरीत ते लवकरच परत करतो. ययातीची राणी होणाऱ्या देवयानीला शाप देऊन मूळ कथेतून निघून जाणारा कच, तिच्या वडिलांचा शिष्य, खांडेकरांनी पुन्हा आणला, मोठा केला. आणि शर्मिष्ठा, देवयानीची दासी झालेली राजकन्या, पुरूची आई! ययाति, देवयानीसारखीच तीही स्वतःच्या तोंडून बोलते. आमच्या घरच्या प्रतीत तिचीच पानं हाताळून मऊ पडलीत, कडेला आईच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.