जिगसॉचा काप काय सांगतो

जिगसॉने, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या अरुंद पात्याच्या विजेच्या हातकरवतीने, कापलेला जाड लाकडाचा तुकडा उलटून पाहिला, तर वरची कड आखलेल्या रेषेवर आणि खालची कड तिच्यापासून दोन-तीन मिलिमीटर सरकलेली, असे अनेकदा आढळते. अशा वेळी यंत्रच बिघडले असे समजून ते उघडण्याची घाई होते. वास्तविक जिगसॉच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मोटारीत नसून पात्यात असते, आणि ते ओळखायचे तर आधी यंत्राकडे नव्हे, कापाकडे पाहावे लागते.

1946 साली स्वित्झर्लंडमधील अभियंते आल्बर्ट काउफमान यांनी शिवणयंत्राची सुई काढून तिच्या जागी करवतीचे पाते बसवले आणि त्यातून जिगसॉची कल्पना पुढे आली. सुईप्रमाणेच हे पातेही फक्त वरच्या टोकाला पकडलेले असते. खालचे टोक मोकळे राहते. वळणदार कापाची सोय या मोकळेपणामुळेच होते आणि तिरक्या कापाची पीडाही त्यातूनच येते. एका टोकाला पकडलेल्या पट्टीच्या दुसऱ्या टोकावर आडवा जोर दिला, तर तिचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पट्टीची मोकळी लांबी दुप्पट झाली, की तेवढ्याच जोराने ती आठपट वाकते. म्हणूनच पातळ प्लायमध्ये सरळ चालणारे पाते जाड फळीत भरकटते. उलटपक्षी पात्याची जाडी 1 मिलिमीटरवरून 1.25 मिलिमीटर केली, तर त्याचा आडवा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. जाड लाकडासाठी जाड आणि रुंद पाते घ्यावे, या सल्ल्यामागे एवढे साधे गणित आहे.

तिरका काप आला, की प्रथम यंत्राचा प्लग काढावा आणि गुण्या (काटकोन तपासण्याची पट्टी) तळपट्टीला, म्हणजे यंत्र लाकडावर टेकते त्या सपाट पट्टीला, टेकवून पाते काटकोनात आहे का ते तपासावे. नसेल, तर तळपट्टीचा स्क्रू सैल करून ती नीट बसवली, की काम झाले. मात्र स्थिर असताना पाते काटकोनात आणि काप तरीही तिरका, असे असेल, तर पाते कापताना वाकते आहे हे नक्की. मग त्याच्या पाठीमागचा खाचेचा रोलर पाहावा. तो पात्याच्या पाठीला हलकेच टेकलेला असला पाहिजे आणि बोटाने सहज फिरला पाहिजे. भुशाने अडकलेला किंवा खाच झिजलेला रोलर पात्याला आधार देऊ शकत नाही. काप सतत एकाच बाजूला ओढला जात असेल, तर पात्याच्या एका बाजूचे दात, बहुधा एखाद्या खिळ्यावर आदळून, बोथट झालेले असतात आणि पाते धारदार बाजूकडे सरकते. असे पाते सरळ टाकून द्यावे. यंत्र पुढे रेटण्याची सवय मात्र कोणतेही नवे पाते सुधारू शकत नाही: दात जितक्या वेगाने भुसा बाहेर काढतात त्याहून अधिक वेगाने ढकलले, तर पात्याला वाकण्यावाचून मार्गच उरत नाही.

कडेच्या कपच्या उडण्याचे कारण वेगळे आहे. नेहमीच्या पात्याचे दात वर वळलेले असतात, त्यामुळे पाते वर जाताना कापते आणि लाकडाचे वरचे तंतू आधाराविना उचकटले जातात. म्हणून चांगला पृष्ठभाग खाली ठेवून कापावे, किंवा उलट दातांचे पाते वापरावे. या दुसऱ्या प्रकारात यंत्र वर उचलले जाते, तेव्हा ते घट्ट दाबून धरावे लागते. पाते वर जाताना त्याला किंचित पुढेही ढकलणारी लोलकाची गती सरळ कापाला वेग देते, पण कड खडबडीत करते. धातू, नाजूक वळणे आणि सुबक कडा यांसाठी तिचा दांडा शून्यावर ठेवावा. अनेकांना हा दांडा कशासाठी आहे हेच ठाऊक नसते, आणि वर्षानुवर्षे तो सर्वांत जास्त आकड्यावर राहतो.

कापायचा तुकडा थडथडत असेल, तर तो क्लॅम्पने बांधला आहे का आणि तळपट्टी पूर्ण टेकली आहे का, हे पाहावे. आखूड पात्यानेही अशीच थडथड होते. पाते सर्वांत वर असतानाही त्याचे टोक लाकडाखाली दिसले पाहिजे. अन्यथा ते कापात शिरते आणि खाली येताना लाकडावर आदळते. पत्र्यात दात तुटत असतील, तर दातांतील अंतर पत्र्याच्या जाडीच्या मानाने मोठे आहे. जाडीत एका वेळी निदान तीन दात बसावेत, आणि फारच पातळ पत्रा दोन प्लायच्या मध्ये दाबून कापावा.

जळका वास आणि काळी कड हे उष्णतेचे लक्षण होय. साध्या कार्बन पोलादाचे पाते खूप तापले, की त्याची कठीणता उतरते आणि घर्षण आणखी वाढते. हायस्पीड स्टील, म्हणजे उष्णतेतही कठीण राहणारे मिश्र पोलाद, त्याहून बऱ्याच अधिक तापमानापर्यंत टिकते. ॲक्रिलिक तर सुमारे 100 अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते आणि पात्यामागे पुन्हा चिकटते. तेथे वेग कमी करणे हाच उपाय.

आता यंत्राकडे. पाते वारंवार निसटत असेल, तर पकडीत साचलेला भुसा ब्रशने काढावा. बहुतेकदा तेवढ्याने भागते. मोटार थांबत-सुरू होत असेल, तर वायर यंत्रात शिरते तेथे ती आतून तुटलेली असू शकते, किंवा कार्बन ब्रश, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे ठोकळे, झिजलेले असतात. ते नेहमी जोडीने बदलावेत. ब्रशपाशी बारीक ठिणग्या दिसणे सामान्य आहे, पण कम्युटेटरभोवती, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागाभोवती, ठिणग्यांचे पूर्ण कडे दिसले, तर आर्मेचरच्या (मोटारीच्या फिरत्या भागाच्या) वेटोळ्यात दोष असण्याची शक्यता मोठी, आणि ते काम जाणकाराकडे सोपवावे. मोटार फिरते, पण पाते हलत नाही, अशा वेळी मोटारीचे फिरणे वर-खाली गतीत बदलणाऱ्या दातेरी चाकाचे दात गेलेले असतात. स्वस्त यंत्रात ते चाक बदलण्यापेक्षा नवे यंत्र घेणे अनेकदा सोयीचे पडते.