टू-डी इकोचा अहवाल

छातीवर जेल लावून प्रोबमधून श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरींवरून हृदयाचे कप्पे, झडपा व रक्तप्रवाह पाहायचा, ही टू-डी इको तपासणी. तिचा पाया स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये घातला.

अहवाल हाती पडताच नजर जाते ती ‘ईएफ’कडे (इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे एका ठोक्यात कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते), आणि माणसे घाबरतातही याच आकड्याने. ‘ईएफ ६० टक्के’ म्हणजे हृदय ४० टक्के निकामी, हा समज साफ चुकीचा आहे. हे शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत. डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या १२० मिलिलिटर रक्तापैकी ७२ मिलिलिटर एका ठोक्यात बाहेर पडले, तर ईएफ ६० टक्के येते. निरोगी हृदयही कधी पूर्ण रिकामे होत नाही; ५५ ते ७० हे चांगलेच आकडे. ४० किंवा त्याखाली मात्र पंपिंग नक्की कमी झालेले असते. हा आकडा पुष्कळदा डॉक्टर नजरेने अंदाजतात, म्हणून दोन अहवालांत पाचेक टक्क्यांचा फरक दिसला तर लगेच हुरळून किंवा खचून जाऊ नये. शिवाय ईएफ उत्तम असूनही हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय शरीराच्या गरजेला पुरे न पडणे, असू शकते. धाप लागत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे.

‘आरडब्ल्यूएमए’ म्हणजे हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग नीट न हलणे. येऊन गेलेला झटका किंवा अपुरा रक्तपुरवठा ही त्याची नेहमीची कारणे. पण हृदयधमन्यांतले ब्लॉकेज साध्या इकोत थेट दिसत नाही. त्यामुळे जिना चढताना छाती भरून येत असेल, तर ‘इको नॉर्मल आहे’ एवढ्यावर विसंबणे धोक्याचे.

झडपेतून रक्त किंचित मागे येणे, म्हणजे ‘ट्रिव्हियल’ एमआर (डावीकडच्या मायट्रल झडपेतून) किंवा टीआर (उजवीकडच्या ट्रायकस्पिड झडपेतून), कितीतरी धडधाकट माणसांत आढळते. ‘ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन’ म्हणजे हृदय सैल पडायला थोडा जास्त वेळ घेते. वाढते वय आणि रक्तदाब यांत हे नेहमीचे. मायट्रल झडप अरुंद होणे वेगळे. भारतात त्यामागे बहुतेकदा लहानपणचा संधिवाताचा ताप असतो. निरोगी झडपेचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते, ते १.५ किंवा त्याहून कमी झाले की आजार गंभीर धरतात.

शेवटच्या ओळीतले ‘नो क्लॉट, नो व्हेजिटेशन, नो पीई’ हे दिलासा देणारे शब्द आहेत : गुठळी नाही, झडपेवर जंतुसंसर्गाची वाढ नाही, हृदयाभोवती पाणी नाही.