उंदराची तेरावी बरगडी

उंदराला बरगड्यांच्या १३ जोड्या असतात, माणसाला १२. उंदराच्या उजव्या फुप्फुसाचे चार खंड आणि डावे सलग एकच. माणसाचे उजवे तीन खंडांचे, डावे दोन. प्राणिशास्त्राच्या वहीत हे सगळे एका तक्त्यात बसते. पण उंदरांवरच्या प्रयोगांची माहिती एका संस्थेच्या डेटाबेसमध्ये, माणसांच्या कर्करोगाची दुसरीकडे, आणि दोन्हींना मिळून एकच प्रश्न विचारायचा म्हटले, की ही तेरावी बरगडी घशात अडकते. तिची जोडी माणसात कशाशी लावायची?

या जोड्या लावण्याच्या कामाला ऑन्टॉलॉजींची जुळवणी म्हणतात. ऑन्टॉलॉजी हा शब्द तत्त्वज्ञानातला. संगणकशास्त्रज्ञ टॉम ग्रुबर यांनी १९९३ मध्ये केलेल्या व्याख्येनंतर तो संगणकवाल्यांच्या तोंडी बसला. एखाद्या क्षेत्रात कोणकोणत्या गोष्टी आहेत, कोण कोणाचा प्रकार आणि कोण कोणाचा भाग, हे संगणकाला कळेल अशा पद्धतीने उघड लिहून ठेवणे, एवढाच त्याचा कामापुरता अर्थ.

जीवशास्त्राला याची गरज लागली ती नव्वदच्या दशकात. यीस्टचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय संहिता, १९९६ मध्ये पूर्ण वाचून झाला, फळमाशीचा २००० मध्ये. प्रत्येक जीवाचा डेटाबेस वेगळा आणि प्रत्येकाची बोली वेगळी. तेच जनुक, तेच काम; पण यीस्टवाले एका शब्दात सांगणार, माशीवाले दुसऱ्या. १९९८ मध्ये माँट्रियलच्या एका परिषदेत माशी, उंदीर आणि यीस्ट या तिन्ही डेटाबेसच्या लोकांनी एकच शब्दसूची वापरायचे ठरवले. मायकेल अॅशबर्नर हे त्यातले एक बिनीचे शिलेदार. ती शब्दसूची म्हणजेच ‘जीन ऑन्टॉलॉजी’. जनुकाचे रेणूपातळीवरचे काम, ते ज्या जैविक प्रक्रियेत भाग घेते ती प्रक्रिया आणि पेशीतली जागा, असे तिचे तीन भाग.

हे जमले, कारण पेशीच्या पातळीवर यीस्ट आणि माणूस फारसे लांब नाहीत. डीएनएची नक्कल दोघांनाही करावी लागते. अवयवांकडे वळल्यावर मात्र एक यादी पुरेना. माशीला फुप्फुसे नाहीत, माणसाला पंख नाहीत. म्हणून शरीररचनेसाठी ज्याने त्याने आपापली ऑन्टॉलॉजी केली आणि पूल बांधायचे काम मागाहून अंगावर आले.

उंदीर आणि माणूस ही त्यातली सर्वांत घासून तपासलेली जोडी. प्रौढ उंदराच्या शरीररचनेच्या ऑन्टॉलॉजीत २,७४४ संकल्पना, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या कोशातील मानवी शरीराच्या भागात ३,३०४. तज्ज्ञांनी तपासून पक्क्या केलेल्या समान जोड्या १,५१६. आपोआप जुळवणी करणाऱ्या प्रोग्रामांची दरवर्षी एक चाचणी होते, तिच्यात याच जोड्या उत्तरपत्रिका म्हणून वापरतात. नुसती नावे अक्षराला अक्षर ताडून पाहणारा बाळबोध प्रोग्रामही त्यातल्या सुमारे ६२ टक्के जोड्या शोधतो, आणि शोधलेल्यांत चूक जवळजवळ नसते. यकृताला दोन्हीकडे यकृतच म्हणतात, त्यात कसले कौशल्य! खरी मेहनत उरलेल्या ३८ टक्क्यांत. इकडे ‘पुढचा पाय’, तिकडे ‘हात’: हे कळायला समानार्थी शब्दांचे कोश लागतात, आणि तो अवयव कशाचा भाग आहे हे शेजारपाजारी पाहून ताडावे लागते.

त्याहून फसवी असतात ती सारखी नावे. कीटकाच्या पायाच्या एका खंडाला ‘फीमर’ म्हणतात आणि आपल्या मांडीच्या हाडालाही फीमरच. माशीच्या पंखावर ‘शिरा’ असतात, पण त्या आपल्या रक्तवाहिन्या नव्हेत. नाव पाहून येथे बरोबरचे (=) चिन्ह टाकले, तर माशीच्या पायाबद्दलची माहिती बिनबोभाट माणसाच्या हाडाच्या खात्यात जमा होते. न सापडलेली जोडी निदान रिकामी दिसते. चुकीची जोडी दिसतच नाही. मला तरी हा धोका पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युबेरॉन’ने वेगळी वाट काढली. प्रत्येक दोन प्राण्यांमध्ये पूल बांधत बसण्याऐवजी, मधोमध अनेक प्राण्यांना सामावणारी एक ऑन्टॉलॉजी उभी करायची, बाकीच्यांनी तिला जोडून घ्यायचे, आणि कोणती संकल्पना कोणत्या प्राणिगटाला लागू नाही हेही तिच्यातच नोंदवायचे.

असाच पेच आपल्याकडे वैद्यकात आहे. रुग्णनोंदींसाठीची ‘स्नोमेड सीटी’ ही परिभाषा भारताने २०१४ मध्ये स्वीकारली आणि तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी निदानांसाठी आयुष मंत्रालयाने २०१७ मध्ये ‘नमस्ते’ हे पोर्टल काढले. आता ‘ज्वर’ घ्या. ज्वर म्हणजे ताप, असे कोणीही पटकन म्हणेल. पण अॅलोपॅथीत ताप हे बहुधा लक्षण, तर आयुर्वेदात ज्वर हा स्वतंत्र व्याधी, त्याचे वातज, पित्तज असे प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये नवी दिल्लीत आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या पद्धतींची भर घातली, तेव्हा त्यांना आधुनिक निदानांच्या यादीत मिसळले नाही. पारंपरिक वैद्यकाच्या वेगळ्या प्रकरणात ठेवले. वैद्याने ज्वराचा कोड लिहावा, आणि त्याच रुग्णाच्या आधुनिक निदानाचा कोड त्याच्या शेजारी. दोहोंमध्ये बरोबरचे चिन्ह नाही.