विद्यार्थी लेखकाचं बक्षीस: मुक्ता साळवेपासून बर्डीपर्यंत

डिसेंबर लागला की नागपूरच्या कॉलेजांत गॅदरिंगचा माहोल सुरू होतो, आणि नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात कथा-कविता स्पर्धेचा एक कागद लागतो, डान्स ऑडिशनच्या कागदाखाली अर्धा झाकलेला. मी दोन-तीनदा अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून गेलोय आणि दरवेळी वाटतं की या एवढ्याशा कागदामागं केवढं काय काय घडून गेलंय ते पोरांना कोणी सांगतच नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

सुरुवात करायची तर १८५५ पासून करावी लागेल. पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मातंग समाजातली पोरगी, वय जेमतेम १४. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत छापून आला, पहिला १५ फेब्रुवारीला आणि दुसरा १ मार्चला. वेद वाचायचा अधिकार फक्त ब्राह्मणांना असेल तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न तिनं त्यात विचारलाय, आणि आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होतात, हेही लिहिलंय. चौदा वर्षांच्या मुलीनं हे लिहिलंय हे आज वाचतानाही अंगावर येतं. शाळेत तिचं कौतुक झालं तेव्हा मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यानं तिला चॉकलेटं दिली, तर ती म्हणाली आम्हाला खाऊ नको, वाचनालय द्या, अशी गोष्ट सांगतात. माझ्या दृष्टीनं मराठीत विद्यार्थी लेखकाच्या बक्षिसाचा इतिहास इथून सुरू होतो, आणि बक्षीस काय असावं हे बक्षीस घेणारीनंच सांगून टाकलंय.

तेव्हा पुस्तकांना बक्षीस द्यायला सरकारी कमिटी पण होती, दक्षिणा प्राइझ कमिटी. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे, इंग्रज आल्यावर ती रक्कम घटत गेली. मग लोकहितवादींसारख्या नव्या शिकलेल्या तरुणांनी अर्ज केला की यातला पैसा मराठीत पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्या, आणि त्यावरून पुण्यात चांगलाच गदारोळ झाला. पुढं तो पैसा खरोखर पुस्तकांकडं वळला, पण परीक्षक कोण हा प्रश्न राहिलाच. त्याच १८५५ साली जोतिबांनी आपलं ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्या कमिटीकडं दिलं आणि कमिटीतल्या भट सभासदांमुळं ते नाकारलं गेलं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. जोतिबा तेव्हा २८ वर्षांचे होते. म्हणून स्पर्धेच्या कागदावर मी बक्षिसाच्या रकमेआधी परीक्षकांची नावं बघतो.

मग १९०७. जळगावला कविसंमेलन भरलं आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या १६-१७ वर्षांच्या पोरानं तिथं कविता म्हटली. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर इतके खुश झाले की त्याला ‘बालकवी’ म्हटलं. पैसे नाही, ढाल नाही, एक शब्द मिळाला, आणि तो असा चिकटला की आज ठोंबरे म्हटलं तर अर्ध्या लोकांना कळणार नाही. १९१८ साली रेल्वे अपघातात गेले, तेव्हा २८ चे पण नव्हते. त्यानंतर काही वर्षांनी अमळनेरला साने गुरुजी हॉस्टेलच्या मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. शाळाशाळांत हस्तलिखितं निघतात त्यामागची तळमळ मला याच जातीची वाटते.

आता आपल्याकडचं. १९२३ हे वर्ष विदर्भासाठी भारीच म्हणायला पाहिजे. १४ जानेवारीला अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला, जो नंतर नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला आला, आणि ४ ऑगस्टला नागपूर विद्यापीठ सुरू झालं. म्हणजे शिकणारी पोरं आणि साहित्याची संस्था, दोन्हींचा जन्म एकाच वर्षातला. योगायोग असा की तिकडं अमेरिकेत शाळकरी मुलांसाठीचे स्कॉलॅस्टिक पुरस्कारही १९२३ मधलेच, ज्यात पुढं सिल्व्हिया प्लाथसारख्या कवयित्रीला शाळेत असतानाच बक्षीस मिळालं. साहित्य संघाचे वाङ्मय पुरस्कार अजूनही वर्धापनदिनाच्या आसपास, म्हणजे संक्रांतीच्या गडबडीत दिले जातात, आणि शताब्दीला २०२३ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय संमेलन झालं ते आठवत असेलच.

सरकारी पातळीवर १९६० साली साहित्य आणि संस्कृती मंडळ आलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष, आणि नवलेखकांना पहिलं पुस्तक छापायला अनुदान देतात ते हेच मंडळ. ही योजना मला फार आवडते कारण यात पुस्तक निघतं. नाटकवाल्या पोरांना १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आहे, त्यांचं बरं आहे, लिहिलेलं निदान स्टेजवर तरी येतं. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ ला सुरू झाला, ५० हजार रुपये आणि ताम्रपट, २०२२ ला तो आपल्या अमरावतीच्या पवन नालटांना कवितेसाठी मिळाला तेव्हा खूप बरं वाटलं. पण त्याची वयोमर्यादा ३५, आणि पुस्तक छापलेलं पाहिजे, मग बी.ए. सेकंड इयरच्या पोरीनं जायचं कुठं?

तिला कॉलेजचा वार्षिकांकच उरतो. मागं एका कॉलेजात मी परीक्षक होतो, ३१ एन्ट्री आल्या होत्या, बहुतेक प्रेमकविता. त्यात एक कथा फुलस्केप कागदावर, समास पट्टीनं न आखता कागद दुमडून पाडलेला, आणि चौथ्या पानावर एकच वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं. पहाटे साडेचारला सावजीच्या हॉटेलात कांदा चिरणाऱ्या बाईची गोष्ट, तिच्या डोळ्यांतून पाणी येतं ते कांद्याचं का दुसरं कशाचं हे पोरीनं शेवटपर्यंत सांगितलंच नाही. पहिला नंबर दिला. तिला स्टीलची ट्रॉफी आणि सर्टिफिकेट मिळालं, सर्टिफिकेटवर नाव चुकलेलं. खाली उतरल्यावर तिनं मला एकच विचारलं, सर, हे छापून येईल ना?

त्या वर्षी अंक निघालाच नाही. फंड दुसरीकडं गेला म्हणे.

तिच्या कथेची झेरॉक्स माझ्याकडं आहे. यंदाही दोन ठिकाणांहून फोन आलेत, दोघांनाही मी आधी एवढंच विचारलं की अंक कधी निघणार ते सांगा. एकांनी तारीख दिली, त्यांच्याकडं जाणार आहे.