पाऊस छपरावर, भोक लोखंडात

बेळगावच्या उद्यमबागेत जुलै महिन्यात, वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतणाऱ्या एखाद्या फाउंड्रीच्या शेडमध्ये पाऊल टाकले, की बाहेर पावसाची झड आणि आत भट्टीची धग अशा दोन ऋतूंत एकदम उभे राहिल्यासारखे वाटते. माझ्या नोकरीची बरीच वर्षे अशाच एका शेडमध्ये, तयार कास्टिंग, म्हणजे साच्यातून निघालेले ओतीव नग, तपासण्यात गेली. दर पावसाळ्यात आमचे एक दुखणे ठरलेले असे. मशिनिंगला गेलेल्या काही नगांचा वरचा थर कापला गेला, की आतून वाटाण्याएवढी, गुळगुळीत कडांची भोके उघडी पडत. त्यांना आम्ही ब्लोहोल म्हणतो. असा नग बाद होऊन पुन्हा भट्टीत जाई आणि "पावसाळा आहे, चालायचेच" असे म्हणत सगळे कामाला लागत. एका वर्षी खानापूरकडून आलेल्या, नुकत्याच आयटीआय झालेल्या एका पोराने मिस्त्रींना विचारले, "मामा, पाऊस छपरावर पडतोय, मग भोक लोखंडात कसं पडतं?"

"ओल रे, ओल," मिस्त्री म्हणाले.

"कुठली ओल, मामा? वाळूत तर आपण रोजच पाणी घालतो की."

मिस्त्री गप्प झाले. चाळीस वर्षे साचे भरलेल्या त्या माणसाला वाळूची ओल हाताला कळत असे. मूठभर वाळू दाबून ते तिचा मुटका करीत, मग तो मधोमध मोडून पाहत. मोड स्वच्छ आला आणि बोटांचे ठसे वाळूवर राहिले, तर वाळू बरोबर. या परीक्षेमागे साधे विज्ञान आहे. साच्याची वाळू म्हणजे सिलिकाचे कण आणि त्यांना धरून ठेवणारी बेंटोनाइट माती. त्या मातीला चिकटपणा येण्यासाठी शेकडा तीन-चार भाग पाणी लागते. त्या वाळूत सुमारे १४०० अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस उतरला, की पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते, आणि तापमान वाढेल तशी ती आणखी फुगते. वाळूच्या कणांमधील फटींतून किंवा मुद्दाम ठेवलेल्या छिद्रांतून ही वाफ बाहेर पडली तर ठीक, नाही तर ती रसात शिरते आणि रस गोठला की तिचा बुडबुडा तिथेच कायमचा राहतो. मिस्त्रींचे उत्तर त्यामुळे चुकीचे नव्हते. परंतु पाणी बाराही महिने घातले जाते, मग भोके चारच महिने का पडतात, याला त्या उत्तरात जागा नव्हती.

कुतूहल नेमके अशाच ठिकाणी उगवते, असे मानसशास्त्र सांगते. अमेरिकी संशोधक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडले, की आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक असावेसे वाटते, त्यांच्यातील अंतर लक्षात आले म्हणजे मनाला एक टोचणी लागते, आणि कुतूहल म्हणजे तीच टोचणी. यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला हे अंतर दिसतच नाही. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात पोहोचते. त्याच तालुक्यातील भीमगडच्या रानातून निघणारी म्हादई मात्र गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. ज्याने यांपैकी एकाच नदीचे नाव ऐकले आहे, त्याला प्रश्न पडण्याचे कारण नाही. दोन्ही माहीत असलेल्याला मात्र कधी ना कधी वाटतेच, की शेजारी-शेजारी पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांची अशी फारकत करणारा सह्याद्रीचा तो कणा नेमका कुठून जातो. थोडे ज्ञान ही कुतूहलाची पेरणी असते. कारखान्यात अगदी नवख्यांपेक्षा वर्ष-दोन वर्षे काम केलेली पोरे अधिक प्रश्न विचारतात, असे मी नेहमी पाहिले, आणि त्याचे कारण मला इथे सापडते.

२००९ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी हेच मेंदूची चित्रे घेऊन तपासले. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न वाचायला दिले आणि प्रत्येक प्रश्नाबद्दल किती उत्सुकता वाटते व उत्तर येते याची किती खात्री आहे, हे विचारले. उत्तर अजिबात न येणाऱ्या आणि पक्के ठाऊक असलेल्या प्रश्नांबद्दल उत्सुकता कमी होती. "येते आहे, पण खात्री नाही" अशा मधल्या अवस्थेत ती सर्वांत जास्त होती. उत्सुकता वाढली असताना, बक्षिसाची अपेक्षा असते तेव्हा जागे होणारे मेंदूतील भाग सक्रिय होत होते. ज्या प्रश्नांत अंदाज चुकला होता, त्यांतही उत्सुकता जास्त असलेल्यांची खरी उत्तरे एक-दोन आठवड्यांनंतर अधिक चांगली आठवली.

याहून विलक्षण निष्कर्ष २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगातून आला. प्रश्न दाखवल्यावर उत्तरासाठी काही सेकंद थांबवून ठेवायचे आणि त्या मधल्या वेळात एका अनोळखी माणसाचा चेहरा पडद्यावर दाखवायचा, अशी त्याची रचना होती. त्या चेहऱ्याचा प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता. तरीही ज्या प्रश्नाबद्दल उत्सुकता जास्त होती, त्याच्या प्रतीक्षेत पाहिलेले चेहरे लोकांनी नंतर अधिक ओळखले. उत्सुकतेच्या काळात डोपामाइन हे रसायन पुरवणारा मध्यमेंदूचा भाग आणि स्मृती घडवणारा हिप्पोकॅम्पस यांचे सूत जुळते, असे संशोधकांना दिसले. एखाद्या प्रश्नामागे लागलेला माणूस वाटेतले इतरही कितीतरी टिपून ठेवतो, हा आपला रोजचा अनुभव असा प्रयोगशाळेत उतरला, याचा मला फार आनंद वाटतो.

मग इतक्या गोष्टी डोळ्यांसमोर असताना आपल्याला प्रश्न का पडत नाहीत? एक कारण असे, की आपल्याला त्या कळल्या आहेत असे वाटत असते. येल विद्यापीठातील लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना रोजच्या वापरातील कपड्याची चेन (झिप) किंवा कुलूप कसे चालते हे आपल्याला किती समजले आहे, याचे गुण स्वतःला द्यायला सांगितले, मग ते सविस्तर लिहून काढायला लावले आणि पुन्हा गुण द्यायला सांगितले. लिहिताना अडखळल्यावर बहुतेकांनी आपले गुण स्वतःच कमी केले. आपल्या स्वयंपाकघरातील कुकर असाच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते; समुद्रकाठच्या पणजी शहरातील माहेरी उघड्या पातेल्यात डाळ शिजवणाऱ्या मुलीला सासरी आल्यावर तीच डाळ थोडी अधिक वेळ घेते, ती यामुळे. कुकरची शिट्टी वाफ कोंडून धरते, दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळतच नाही. शिट्ट्या मोजणे सर्वांना येते, शिट्टी काय करते हे विचारण्याची वेळ मात्र सहसा येत नाही.

दुसरे कारण शिकवण्याच्या रीतीत आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर एक खेळणे ठेवले, ज्यात चार निरनिराळ्या करामती दडलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्यांनी "हे कसे चालते ते मी दाखवते" असे सांगून त्यांतली एक करामत करून दाखवली. इतरांसमोर ती चुकून झाल्यासारखी घडली, किंवा दाखवलीच नाही. पद्धतशीर शिकवलेली मुले खेळणे लवकर सोडून देत होती आणि उरलेल्या करामती त्यांना कमी सापडल्या. दाखवणाऱ्याने एकच दाखवले, म्हणजे एवढेच असणार, हा त्यांचा तर्क तसा शहाणपणाचाच होता. याचा अर्थ शिकवू नये असा मी घेत नाही. रसाने भरलेल्या लॅडलजवळ (रस ओतायच्या भांड्याजवळ) कसे उभे राहायचे, हे कोणी स्वतः शोधून काढायचे नसते. ते पहिल्याच दिवशी ठामपणे सांगावे लागते. परंतु तोच ठामपणा सगळ्या कामावर पसरला, की पोरे सांगितले तेवढेच करतात आणि बाद नगांचा ढीग दर पावसाळ्यात तेवढाच राहतो.

आमच्या मिस्त्रींनी त्या पोराला गप्प केले नाही, हे मला आजही मोठे वाटते. दोघांनी शंभर ग्रॅम वाळू तोलून घेतली, १०५ ते ११० अंशांना तासभर सुकवली आणि पुन्हा तोलली. ओल शेकडा चारच्या आतच निघाली, उन्हाळ्यात असे तेवढीच. मिस्त्रींची मूठ पावसाळ्यातही चुकत नव्हती. म्हणजे दोष वाळूचा नव्हता. मग पोराने बाद नग ओळीने मांडले, तेव्हा जवळजवळ सगळी भोके आतल्या पोकळीच्या बाजूला दिसली. ही पोकळी कोअरमुळे, म्हणजे साच्याच्या आत बसवलेल्या वाळूच्या घट्ट गाभ्यामुळे, तयार होते, आणि आमचे कोअर सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूत कार्बन डायऑक्साइड सोडून घट्ट केलेले असत. हे सिलिकेट हवेतला दमटपणा शोषून घेते. संध्याकाळी केलेला एक कोअर तोलून मांडणीवर ठेवला आणि सकाळी पुन्हा तोलला, तर तो काही ग्रॅमनी जड झाला होता. रात्रभर मांडणीवर राहिलेल्या कोअरचे नग आणि त्याच दिवशीच्या कोअरचे नग वेगळे ठेवल्यावर भोके बहुतांश पहिल्या गटात निघाली.

मिस्त्रींनी तो जड झालेला कोअर बराच वेळ हातात धरून ठेवला. मग म्हणाले, "रात्री भट्टीजवळ ठेवून बघू काय? पण फार सुकला तर कडा झडतात याच्या. किती सुकवायचा, ते कसं कळायचं?" पोराने खिशातली वही काढली होती.