कॉफी प्यायली की जंगल तुटतं? आपल्याकडच्या कॉफीबद्दल खुलासा

हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ब्राझीलच्या उघड्या मळ्यांचे फोटो पाहून ते कर्नाटकातल्या कोडगू-चिकमगळूरला चिकटवू नका. तिथली बहुतेक कॉफी सावलीत वाढते: वर फणस, उंबर, शिसव, खाली पांगारा आणि खोडावर चढलेला मिरीचा वेल. पांगारा शेंगवर्गीय, जमिनीला नत्र देतो. पावसाच्या तोंडावर त्याच्या फांद्या छाटतात, पाला मळ्यातच कुजतो. कॉफीचा भाव पडला तर लहान शेतकऱ्याला मिरीच तारते.

काळजी आहे ती सिल्व्हर ओक या परदेशी झाडाची. भराभर वाढतो, लाकूड विकलं जातं, म्हणून देशी झाडं काढून तोच लावतात. सावली राहते, पण फळं खाणारे पक्षी जातात. म्हणूनच नुसता ‘सावलीतली कॉफी’ हा शिक्का पुरेसा नाही.

माटुंग्यात कॉफी दळून घेताना विचारा: मळा किंवा सहकारी संस्था कोणती? सावलीला झाडं कोणती? भाजली कधी? पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं, प्रमाणही वाचा. ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे ५०० ग्रॅममध्ये २४५ ग्रॅमपर्यंत चिकोरीच असू शकते, आणि तेवढ्याचे पैसे कॉफी पिकवणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत.